ओकादासानचा हिरवा चहा

पातेल्याशेजारी चहाच्या कापलेल्या वीस इवल्या पिशव्यांचा ढीग पडला होता. कमलमावशींनी कात्रीने एकेक पिशवी उघडली होती, आतली हिरवी पत्ती काढली होती आणि दूध, साखर, आलं घालून चांगला उकळून चहा केला होता. पुरचुंडीत बांधलेला चहा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. अख्ख्या पॅकिंग हॉलला तो पुरला आणि एकालाही आवडला नाही. ज्यांचा तो चहा होता ते ओकादासान मात्र कप संपवून उठले, मान लववली आणि थँक यू म्हणाले. तीन आठवडे पुरवायला त्यांनी जपानहून तो एकच बॉक्स आणला होता.

चूक माझीच. पाहुण्यांचा चहा करा, एवढं सांगून मी निघून गेलो होतो. कसा करायचा ते मलाच कुठे ठाऊक होतं?

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. पिंपळवंडीच्या शिवारात आमच्या मालकांची, अण्णांची, गुलाबाची पॉलीहाउस होती आणि मी तिथे क्वालिटी इनचार्ज होतो. फुलाच्या दांड्याची लांबी, कळीचा आकार, पानांवरचे डाग बघून माल वेगळा करायचा, याला ग्रेडिंग म्हणतात. फूल फुलदाणीत किती दिवस टिकतं, ते त्याचं व्हास लाइफ. हे सगळं तपासायला जपानी खरेदीदाराने ओकादासानना पाठवलं होतं. त्यांचा रिपोर्ट चांगला गेला तर सीझनभराची ऑर्डर मिळणार होती. नाही तर पॅकिंगच्या चाळीस बायकांना दिवाळीनंतर घरी बसायला सांगायचं, हे अण्णांनी मला आधीच बजावलं होतं.

ओकादासान साठीचे, सडपातळ, कमी बोलणारे. चहा संपला त्या दिवसापासून त्यांचं जेवणही कमी झालं. चौथ्या दिवशी त्यांनी मोडक्या इंग्रजीत मला सांगितलं की पोट ठीक नाही, झोप नाही, शनिवारी परत जातो. रिपोर्ट अर्धाच झाला होता. मी अण्णांकडे गेलो.

अण्णा म्हणाले, "राव, पुण्याला जा आन् मिळंल तो हिरवा चहा घिऊन या. त्यो मानूस गेला तर आपलं समदं गेलं."

कॅम्पातल्या एका दुकानात तीन प्रकारचे बॉक्स मिळाले. मी सगळ्यात मोठा घेतला, शंभर पिशव्यांचा. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात ठेवलेला होता. आत प्रत्येक पिशवीला वेगळं पाकीट नव्हतं, पॅकिंगची तारीख मी बघितली नाही. फूल दहा मिनिटं उन्हात राहिलं तरी बायकांवर डाफरणारा मी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ओकादासाननी बॉक्स उघडला, एक पिशवी नाकाशी धरली आणि हसून म्हणाले, "व्हास लाइफ फिनिश."

मग त्यांनी मला शिकवलं. जपानी पत्ती वाफवून वाळवतात, म्हणून तिला ताज्या पाल्याचा हिरवा वास असतो. हवा, ऊन आणि आजूबाजूचे वास लागले की तो उडतो. म्हणून बॉक्स छोटा घ्यावा, पिशव्या एकेक पाकिटात बंद असाव्यात. पाणी उकळून जरा निवू द्यावं, पेला हाताला सोसला पाहिजे. पिशवी मिनिटभरच ठेवावी आणि पिळू नये, नाही तर कडू होतो. एवढं सांगून त्यांनी त्याच शिळ्या पिशवीचा चहा केला, दोन घोट घेतले आणि पेला बाजूला ठेवला. परदेशात माणूस किती एकटा पडतो, ते त्या ठेवलेल्या पेल्याकडे बघून मला कळलं.

कमलमावशी हे सगळं दारातून बघत होत्या. त्या मूळच्या आहुप्याकडच्या डोंगरातल्या. गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा इकडे आल्या आणि आमच्याकडे स्वयंपाकाला लागल्या. त्यांच्या गावी अन्न जात नसेल त्याला भाजलेल्या तांदळाचं पाणी देत. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या बाजूला भात कांडण्याचा आवाज आला. त्यांनी तांदूळ तव्यावर तांबूस भाजला, त्यावर पाणी ओतलं आणि पाहुण्यांची पद्धत राहावी म्हणून एक पिशवी मिनिटभर बुडवून काढली.

ओकादासाननी घोट घेतला आणि पेला दोन्ही हातांत धरून बसून राहिले. त्यांचे डोळे भरले. त्यांच्याकडे असा चहा असतो म्हणे, भाजलेला तांदूळ घातलेला, गेनमाइचा नावाचा. पूर्वी गरिबाघरी पत्ती पुरवायला तांदूळ घालायचे. आई असाच करायची, ती गेल्यावर मी प्यायलो नव्हतो, असं ते म्हणाले.

शनिवार आला आणि गेला. ओकादासान पुढे नऊ दिवस राहिले. रोज सकाळी तो चहा प्यायचे, भाकरीही खायला लागले. रिपोर्टमध्ये मात्र त्यांनी दयामाया दाखवली नाही. तिसरा हिस्सा माल रिजेक्ट केला. उरलेल्यावर ऑर्डर मिळाली आणि बायकांचं काम टिकलं.

निघताना त्यांनी तो तांदूळ मूठभर मागितला. आईच्या फोटोपुढे ठेवायचा होता. मावशींनी रिकामी कापडी पिशवी झटकून दाखवली.

मी म्हणालो, बाजारातून आणू, त्यात काय.

"न्हाई भाऊ, बाजारच्याला त्यो वास न्हाई यायचा," मावशी म्हणाल्या. "आमच्या खाचरातलं बी व्हतं ते. गाव पान्यात जायच्या आदलं, शेवटचं."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आणि तुम्ही ते कांडलंत?"

"मंग काय करू? तुमीच ओल्या फडक्यात बांधून बघितलं व्हतं की. एक बी कोंब आला न्हाई. आता उगवायचं न्हाई, टाकून द्या म्हनालात. माझ्यानं टाकवंना. ह्या पावण्याला त्याची आई दिसली. लई झालं."

मला ती टेस्ट आठवतही नव्हती. गावातल्या लोकांच्या बियाण्याच्या अशा पन्नास टेस्ट मी वर्षाला करून द्यायचो. ओकादासान काय झालं म्हणून विचारत होते. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी ती रिकामी पिशवी मागून घेतली, नाकाशी धरली आणि मावशींपुढे कमरेत वाकले. मावशींनी घाईघाईने पदर डोक्यावर घेतला. पिशवी त्यांनी परत मागितली नाही.

आता पॉलीहाउस नाहीत, मावशीही नाहीत. गेनमाइचा पुण्यात मिळतो, प्रत्येक पिशवी बंद पाकिटात, तारीख बघून घेतो. बरा असतो. त्या स्वयंपाकघरातला वास मात्र त्याला कधी आला नाही, आणि तो मला अजून हवा असतो.

या धंद्यात मी एवढं शिकलो की टेस्टमध्ये काय निघालं ते सांगावं आणि गप्प बसावं. टाकायचं की ठेवायचं, ते ज्याचं त्याला ठरवू द्यावं.