खुर्च्या तुमच्यासाठी होत्या

दत्तूमास्तर गेले.

सकाळपासून नारायणगावात जो भेटतो तो एकच सांगतोय, "माझ्या लग्नात त्यांचाच बँड व्हता."

होता ना. पण ऐकलात का राव कधी?

मी त्यांच्या बँडमध्ये बावीस वर्षं ट्रम्पेट वाजवलं, म्हणून बोलतोय. वरातीत तुम्ही नाचलात, "जोरात हाणा की" म्हणून ओरडलात. मग कार्यालयात तुमच्या पंगती बसल्या आणि आम्ही गेटजवळ उभे. आमचं जेवण सगळ्यात शेवटी, मागच्या दाराला.

मास्तरांना जेवणाचं काही नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळं होतं.

"आपलं कुणी बसून ऐकत न्हाई रं," म्हणायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एक दिवस त्यांनी जाहीरच केलं, त्याच मंगल कार्यालयात प्रोग्राम करायचा. लग्न नाही, काही नाही. फक्त वादन.

तरुणपणी पुण्यात ते एका गोवेकराकडे सॅक्सोफोन शिकले होते, जॅझचं वेड तिथलं. आधी भूप, मग जॅझ आणि शेवटी आपला वरातीचा ठेका, असा बेत. निरगुडसरचा पखवाजवाला आणला. डिंगोऱ्याच्या एका गुरुजींना व्हायोलिनसकट उचलून आणलं.

लोक हसले. "बँडवाल्यांचा ऑर्केस्ट्रा म्हणं!"

मास्तरांनी पत्रिकेत छापलं, 'कृपया नाचू नये. बसून ऐकावे.'

दुपारी हॉल भरला. निम्मे मजा बघायलाच आले होते, मला माहितीय कोण कोण ते.

आम्ही स्टेजवर खुर्च्यांवर बसलो, टीव्हीत बसतात तसे. भूप झकास झाला. जॅझ सुरू झालं आणि आमची पार वाट लागली. ड्रम एकीकडे, ट्रम्पेट दुसरीकडे.

पुढच्या रांगेतून आवाज आला, "वरात चुकली रं यांची!"

सगळा हॉल खिदळला. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मास्तरांनी हात वर करून वादन थांबवलं. त्यांना बरोबर कळलं होतं काय झालं ते. जन्मभर आम्ही चालत वाजवलेलं, ताल सगळा पायात. रिहर्सलसुद्धा अंगणात उभ्यानेच केलेली. बसल्यावर पाय गप्प, मग ताल कुठून येणार?

त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून मागे नेऊन ठेवली.

"उठा रं सगळे. खुर्च्या त्यांच्यासाठी हायेत."

"मास्तर, स्टेजवर चालायचं?" मी विचारलं.

"जागच्या जागी चाला. आन् जॅझ हाय, एक पाय लंगडा टाका."

सतरा माणसं स्टेजवर लंगडत होती. फळ्या दणदणत होत्या. आधी लोक हसले. मग हसणं बंद झालं.

शेवटी वरातीचा ठेका धरला, तर एक पावणं रुमाल काढून उठलंच नाचायला. मागच्या म्हातारीने त्याचा शर्ट ओढला.

"बस की मेल्या खाली! ऐकू दे!"

यापेक्षा मोठी दाद मी आयुष्यात ऐकलेली नाही. मास्तर सॅक्सोफोन वाजवता वाजवता रडत होते. मीपण.

आज स्मशानात भाषणं झाली. 'सर्वांच्या आनंदात सहभागी होणारे' वगैरे. आम्ही उरलेले सहाजण वाद्यं घेऊन पुढे झालो, तर एका पुढाऱ्याने हात आडवा घातला.

"इथं बँड बरा दिसत नाय."

"मग डोळे मिटून घ्या," म्हटलं.

भूप वाजवला. तो राग संध्याकाळचा आणि तेव्हा सकाळ होती, हे कुणी मला शिकवू नये. मग जॅझ घेतलं. जागच्या जागी चालत, एक पाय लंगडा टाकत.

एकेक करून लोक खाली बसले. तिथे खुर्च्या कुठल्या? मातीतच बसले. तो पुढारीसुद्धा बसला.

आम्ही थांबेपर्यंत कुणी उठलं नाही.

मास्तर, सगळ्यांनी बसून ऐकलं बरं का.

जावा आता निवांत. तुमच्या ट्रम्पेटवाल्याचा शेवटचा रामराम.