थोरल्यांनी निवडलेले लाकूड

काकूंना राग लवकर येत नसे. परंतु एकदा आला की तो बिऱ्हाड करून राहत असे. या खेपेस तो त्यांच्या थोरल्या दिरांवर होता.

काकूंनी उभे आयुष्य कारखान्यात गणवेश शिवण्यात घालवले. निवृत्त झाल्यावर त्यांनी लाकूड फिरवून कातायचे एक जुने यंत्र, लेथ, मागच्या खोलीत बसवला आणि हौसेने लाकडी वाट्या, वाडगे कातू लागल्या. सून मोबाइलवर चित्रण करून ते इंटरनेटवर टाकत असे. लोक कौतुक करीत. समोरच्याच दारात राहणारे थोरले, जे स्वतः मुरलेले सुतार होते, ते मात्र प्रत्येक चित्रणाखाली काहीतरी खोचक लिहीत.

"वाटी आहे की बैलगाडीचे चाक?" असे त्यांनी पहिल्या वाटीखाली लिहिले. काकूंनी दात-ओठ खात काठ पातळ केला. "बूड डुगडुगते आहे." काकूंनी बूड सपाट केले. थोरल्यांचे म्हणणे खरे असे, हेच अधिक झोंबत असे. अखेरीस एक वाडगा इतका पातळ उतरला की खिडकीशी धरताच त्यातून उजेड दिसू लागला. त्याखाली थोरल्यांनी लिहिले, "हा विकतचा आहे. आमच्या धाकट्या भावजयीला हे जमणे शक्य नाही."

कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीनेही फोन करून विचारले, "खरं सांग गं, कुठून घेतलास?" ते काकूंच्या जिव्हारी लागले. स्वतःच्या हातचे काम त्यांचे राहिले नव्हते.

"आई, पुसून टाकू का भावोजींनी लिहिलेलं?" सुनेने विचारले.

"राहू दे. मला ते लागणार आहे."

काकू तडक समोरच्या दारात गेल्या. "भावोजी, लाकूड तुम्ही निवडा, त्यावर सही करा. रविवारी इंटरनेटवर थेट, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कातते."

"बोटं सांभाळ म्हणजे झालं, धाकटे," थोरले हसून म्हणाले.

सही केलेला ओंडका आला. काकूंनी तो ठोकून पाहिला. एका बाजूने आवाज बसका येत होता. ओले फडके फिरवले, तेव्हा सगळीकडे पाणी मुरले, एका रेघेत मात्र मुरेना. भुसा आणि सरस कालवून चीर बेमालूम बुजवली होती.

"परत करा, आई! फुटून तोंडावर आलं म्हणजे?"

"परत केलं तर म्हणतील, घाबरली. मी वेग कमी ठेवते, बाजूला उभी राहते. तू फक्त मोबाइल जवळ धर. अगदी जवळ."

रविवारी काकूंनी प्रथम सही दाखवली, मग लेथ सुरू केला. कुरळ्या ढलप्या निघत होत्या. एकाएकी पिवळे, ठिसूळ तुकडे पडू लागले. त्यांनी लेथ थांबवला आणि टोच्याने चीर मोकळी केली. सरसाचा खडा तळहातावर घेऊन मोबाइलपुढे धरला.

"लाकूड कोणी दिले?" पाहणाऱ्यांनी लिहून विचारले.

"आमच्या थोरल्या भावोजींनी," काकू साखरेच्या स्वरात म्हणाल्या. "नावाजलेले सुतार आहेत हो. नजर चुकली असेल. वय झालं आता."

मग उरलेला वाडगा त्यांनी सावकाश पुरा केला. चीर तशीच ठेवली, बुडावरची सहीही.

संध्याकाळी थोरले आले. "ते चित्रण काढून टाक. गिऱ्हाइकं विचारताहेत, आमच्या दारांतही सरसच भरलाय का म्हणून."

"आधी तुमचं 'विकतचा' काढा. खरं काय ते लिहा."

थोरल्यांनी उंबऱ्यातच उभे राहून एका बोटाने लिहिले, "तो वाडगा तिनेच कातला आहे." काकूंनी चष्मा लावून ते दोनदा वाचले.

"आता तुझं काढ."

"काढीन की."

"कधी?"

"सूनबाईला सवड झाली की."

सूनबाईला अद्याप सवड झालेली नाही. तो वाडगा काकूंच्या खिडकीत आडवा ठेवलेला आहे, सही समोरच्या दाराकडे करून. रोज सकाळी थोरले दार उघडतात, तेव्हा काकू तो मन लावून पुसत असतात.