जयकरचा पंखा आणि सोमप्पाचा पंचा

माझा भाचा जयकर सालियान पाठीला पंखा बांधून, डोक्यावर छत्रीसारखं कापड फुगवून कापूच्या किनाऱ्यावरून उडतो, पुढ्यात एखादा बंगळूरचा पाहुणा बसवून. पॅरामोटर म्हणतात त्याला. आम्ही रापणीचं लांबलचक जाळं किनाऱ्यावरून ओढणारे चाळीस जण नुसतं पंखा म्हणतो. त्याचा बाप सोमप्पा आमचा तांडेल, रापणीचा म्होरक्या. चार वर्षं तो मुलाशी धड बोलत नव्हता. "त्या भोंग्यानं मासा पळतो," हे त्याचं पालुपद. मासा खरं तर त्याआधीपासूनच कमी झाला होता, पण सोमप्पाला कारण घरातच सापडलं होतं.

सोमप्पा वाळूवर उभा राहून पाणी वाचायचा. तारली माशांचा थवा आला की पाणी काळवंडतं. त्यानं पंचा वर केला की नाव सुटायची आणि कोणी हूं की चूं करायचं नाही. तांडेलाच्या पंच्यावर शंका घ्यायची नाही, हा आमचा नेम. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय हे सगळ्यांना कळत होतं. पण सांगणार कोण? मीही भित्राच.

कार्तिकातली सकाळ. ऊन पाठीमागून येत होतं, वर जयकरचा पंखा घरघरत होता. पंचा वर गेला.

"काळं! केवढं काळं!" सोमप्पा ओरडला.

नाव जाळं सोडत वळसा घालून आली. आम्ही दोन तास दोर ओढला. जाळ्यात निघालं काय, तर शेवाळ, जेलीफिश आणि चार खेकडे. सोमप्पा मटकन वाळूवर बसला. मागून कोणीतरी पुटपुटलं, "आता दुसरा तांडेल बघा, बाबांनो."

तेवढ्यात जयकर सकाळचा शेवटचा पाहुणा उतरवून धावत आला.

"अण्णा, थवा होता. मी वरून पाहिला. माझ्या इंजिनानं पळाला."

सोमप्पाची मान ताठ झाली. "सांगत नव्हतो? बापाचं कधी ऐकलंस?"

मग सगळ्यांनी जयकरवर तोंडसुख घेतलं. त्यात मी पहिला. तो खाली मान घालून आपलं कापड गुंडाळत राहिला.

संध्याकाळी त्यानं मला खरं सांगितलं. समोरच्या वाऱ्यात तो जवळजवळ जागच्या जागी तरंगत होता. त्याच्या कापडाची सावली पाण्यावर पडली होती आणि आमची नाव तिलाच वेढा घालत होती.

"कोणाला बोलू नको, मामा. रापणीचे दिवस संपेपर्यंत मी उडत नाही."

मला सकाळी दिलेल्या शिव्यांची लाज वाटली.

आठवडाभर पंखा पडवीत पडून होता आणि मीही कोणाला काही सांगितलं नव्हतं. आठव्या दिवशी सोमप्पा स्वतःच तो फरफटत वाळूवर घेऊन आला. आम्ही सगळे बघत असताना त्यानं आपला पंचा मुलाच्या खांद्यावर टाकला.

"वर जा. काळं दिसलं की हा हलव."

जयकर गोंधळला. "पण अण्णा, मासा पळाला तर?"

"मासा कुठला पळतोय," सोमप्पा म्हणाला. "तुझी सावली तेवढी वगळ."