मग घर कोण बघंल?

इरम्मा गेल्या तेव्हा मुरुम गावात घरोघर हळहळ झाली. त्यांच्या सुनेला, उमादेवीला मात्र रडू यायच्या आधी झोप आली. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं तिनंच केलं होतं. माती देऊन माणसं परतली, तशी ती ज्वारीच्या पोत्याला टेकून बसली आणि तिथंच तिचा डोळा लागला. बायका कुजबुजल्या. कुजबुजणाऱ्यांचं काय जातं म्हणा, म्हातारीला उठवायला-बसवायला त्यांतली एक तरी आली होती का!

इरम्माला सगळे अव्वा म्हणत. अव्वांच्या पायाला भिंगरी होती. नवरा गेल्यावर बाई घरात बसेल असं भावकीला वाटलं, तर बाई एसटीत जाऊन बसली. जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची जागा त्यांचीच. कानडी गाणी म्हणत जायच्या, वाटेत ओळखीचं रान दिसलं की उतरायच्या, ओल्या शेंगा खाऊन मागच्या जीपनं पुढं निघायच्या. सत्तरी ओलांडल्यावरही झोक्यावर उभ्या राहून तरण्या पोरींपेक्षा उंच चढल्या होत्या. आणि नागपंचमी आली की दिल्या घरच्या प्रत्येक लेकीला, नातीला माहेरचे तंबिटाचे लाडू स्वतः नेऊन द्यायच्या.

लोक म्हणत, काय जीव लावते म्हातारी! लाडू कोण वळत होतं, ते कुणी विचारलं नाही. भाजलेल्या डाळ्याचं पीठ गुळात मळून मळून उमादेवीची मनगटं भरून यायची.

पिशव्या भरल्या की अव्वा दारातून विचारायच्या, "येतीस का उमा?"

"मग घर कोण बघंल?" उमादेवी म्हणायची.

दर वर्षी हेच. म्हातारी आपल्याला मुद्दाम खिजवते असं तिला वाटायचं, आणि जीप गेल्यावर भांडी जरा जास्तच जोरात आपटली जायची.

यंदा लाडू नव्हते. तसं त्यांच्या समाजात सुतक मानत नाहीत, पण वर्षाचं दुःख गावाच्या रीतीनं पाळतात. घरात गोडधोड करायचं नाही, दुःखाच्या घरातून कुणाकडं काही न्यायचं नाही. उमादेवीला हायसं वाटलं. मग त्याची तिला लाजही वाटली.

तेवढ्यात लोहाऱ्याला दिलेल्या नातीचा, राजेश्वरीचा फोन आला. तिची आई, अव्वांची लेक चन्नम्मा, ती लहान असतानाच तिला पोरकी करून गेली, तेव्हापासून पोर मुरुमलाच वाढली होती.

"मामी, लाडू नकोत. पण अव्वाबरोबर माझं माहेर बी गेलं का, एवढं सांगा."

उमादेवीचे गुडघे ठणकत होते, अंगात त्राण नव्हतं. नवरा शंभुलिंग म्हणाला, "रिकाम्या हातानं कुठं जातीस? पुढच्या वर्षी बघू." ती हो म्हणाली आणि सकाळी उठून लुगडं बदललं. पोरगी तिच्याच कुशीत झोपून मोठी झाली होती. पुढच्या वर्षापर्यंत तिला काय सांगून गप्प बसवायचं?

पंचमीच्या दिवशी चुलीवर तवा ठेवत नाहीत, भाकऱ्या आदल्या दिवशीच करून ठेवतात, म्हणून पोरीला हातभार लावायला ती आदल्या दिवशीच निघाली. जीपमध्ये मागच्या बाकावर अंग चोरून बसली. हात रिकामे होते, ते कुठं ठेवावेत हेच तिला कळेना.

दारात राजेश्वरी गळ्यात पडली. रडणं झालं, चहा झाला. राजेश्वरी भाकरी थापायला बसली तशी उमादेवी सवयीनं पदर खोचून उठली. "सरक, मी करते."

"बसा मामी. अव्वा बी असंच करायची. आल्या आल्या मला उठवायची अन् स्वतः थापायची. गरम गरम ताटात टाकायची. म्हणायची, सासुरवाशिणीला कोण गरम वाढतंय, खा."

उमादेवी उभीच राहिली. "अव्वा? भाकऱ्या? माझ्या घरात त्या चुलीकडं फिरकल्या न्हाईत कधी!"

"व्हय, तेबी म्हणायची," राजेश्वरी तव्यावर भाकरी टाकत म्हणाली. "म्हणायची, उमा चुलीपुढनं उठत न्हाय. एकदा तिला भायेर काढून बसवून खाऊ घालायचंय, पण दर साली इचारते तर घर कोण बघंल म्हणते."

उमादेवी खोचलेला पदर सोडून ताटावर बसली. राजेश्वरीनं फुगलेली भाकरी तिच्या ताटात टाकली. लग्न झाल्यापासून तिनं भाकरी खाल्ली ती सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, टोपल्याच्या तळातली. बोटांना चटका बसला आणि इतके दिवस न आलेलं रडू आलं. तिला अव्वांचा राग आला, स्वतःचाही आला. घरातच एकदा हाताला धरून बसवलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि आपण तरी एकदा पिशवी उचलून का निघालो नाही?

फोन वाजला. शंभुलिंग होता. "कधी येतीस? जेवायचं काय करायचं?"

"पीठ डब्यात आहे," उमादेवी म्हणाली. "मी पंचमी करून येते."

"अगं, मग घर कोण बघंल?"

तिनं फोन पालथा ठेवला आणि ताट पुढं सरकवलं. "राजी, अजून एक टाक."