नळामागची बाजू

बांबूला फुलोरा आला त्या वर्षी मी जोयड्याच्या जंगलात एका लाकूड ठेकेदाराच्या बंगल्यावर कारकून होतो. माघात बांबूचे बी गळाले आणि त्यावर उंदीर वाढले. बी संपल्यावर ते वस्त्यांत उतरले. खायचे भात गेले. पेरायचे तेवढे उरले.

बंगला उतारावर होता. खाली दगडी तळघर होते. त्याला खिडकी नव्हती आणि दाराला पत्रा ठोकलेला होता. छतातून मात्र न्हाणीचे तीन लोखंडी नळ खाली येत. प्रत्येक नळाभोवती मूठ जाईल एवढी फट होती. ठेकेदार बेळगावला गेला होता आणि किल्ली माझ्याकडे होती. शेजारच्या कुणबी वस्तीचा म्होरक्या, साठीचा माणूस, वैशाखात आला.

"अण्णा, बियाणं तुज्या तळघरात ठेव. ह्ये गेलं तर औंदा पेरायला काय न्हाई."

मी हो म्हटले. बंगल्याच्या डागडुजीला खानापूरकडचा गवंडी आला होता. त्याने फटी बुजवायला चुना, रेती आणि गुळाचे पाणी कालवले. म्होरक्या बघत उभा होता.

"गूळ कशाला? उंदराला जेवायला बोलावतोस व्हय?"

"मामा, गुळाबिगर चुना धरत न्हाई. सुकला की दगड हुतो."

"मग त्यात फुटकी काच घाल. मागं बाटल्या पडल्यात."

"नांगर कसा धरायचा ते मी तुला सांगतो का?"

दोघांनी माझ्याकडे पाहिले. बाटल्या फोडून काच बारीक करायला अर्धा दिवस गेला असता. मी म्हटले, राहू दे.

चार दिवसांनी वस्तीतल्या माणसांनी पेंढ्यात आवळून बांधलेल्या भाताच्या मुड्या आणून भिंतीला लावून रचल्या. मी रोज सकाळी कंदील घेऊन खाली जात असे. दारातून तिन्ही फटी पांढऱ्या आणि अखंड दिसत. मुड्या होत्या तशाच गोल दिसत. म्होरक्या दर बाजाराच्या दिवशी विचारी आणि मी सांगे, सगळे ठीक आहे.

पेरणीला माणसे आली. म्होरक्याने पहिल्या मुडीला दोन्ही हात घातले आणि उचलताना मागे झोक गेला. मुडीला वजन नव्हते. भिंतीकडून पेंढा कुरतडलेला होता आणि आत तूस होते. दुसरी तशीच. तिसरी तशीच. त्यानंतर कोणी घाईने उचलेना.

म्होरक्या भिंतीशी गेला आणि हात उंचावून एका नळामागे छताच्या फटीत घातला. दारातून न दिसणारी बाजू ती. तिथला चुना कुरतडलेला होता; त्याचा हात मनगटापर्यंत आत गेला.

"हितं बगितलं हुतंस?"

"नाही," मी म्हटले.

तो रागावला नाही. रागावला असता तर मला बोलायला काही सापडले असते. सोबतची माणसे तुसात बोटे घालून दाणे शोधत होती. सगळ्या मुड्या उलटून जमले ते एका सुपात मावले.

"ह्ये कुणाच्या शेतात पेरायचं?" एकाने विचारले. सूप तिथेच ठेवून ते गेले.

त्या पावसाळ्यात वस्तीने रानातले कंद खाल्ले. आश्विनापर्यंत पाच घरे बंद झाली. त्यांत म्होरक्याचे एक. ती माणसे कुठे गेली ते मला कळले नाही.

गवंडी पुन्हा आला तेव्हा मी स्वतः बाटल्या फोडल्या. नळांच्या मागून हात फिरवून फटी तपासल्या. तळघर रिकामे होते.