कुंकवाने मेमरी जळत नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मंडळात नाही, घरी नाही. तुम्हाला सांगतो — फक्त मध्येच हसू नका.

औंढ्याच्या बसस्टँडवर अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत बोंबलणारा तो पोरगा मीच. दैववादाचा धिक्कार असो, वगैरे! ती पत्रकं टाइप करायचा आमच्या मंडळाचा कॉम्प्युटर हिंगोलीत काशीमावशीच्या पुढच्या खोलीत असायचा. खोली तिने फुकट दिलेली. दसऱ्याला तिने विळा पुजला, शिलाई मशीन पुजलं आणि जाता जाता कॉम्प्युटरच्या डब्यालाही हळदकुंकवाची बोटं लावली. मी खवळलो. यंत्राची पूजा? एकविसाव्या शतकात?

दुसऱ्या दिवशी मेमरीची नवी पट्टी बसवायची होती. सोबतच्या कागदावर सगळं लिहिलेलं — आधी वायर काढा, अंगातली वीज उतरावी म्हणून डब्याच्या लोखंडाला हात लावा, खाच जुळवा, दोन्ही टोकं सारखी दाबा, क्लिपा आपोआप लागतील. लोखंडाला हात लावून मग कामाला सुरुवात? हा तर नमस्कारच झाला की! मी — विवेकवादी माणूस — नाही लावला. वायरही नाही काढली. आणि खाच... खाच जुळेना. पट्टी उलटी धरली होती, दुसरं काय! पण माघार घ्यायची आम्हाला सवय कुठे? अंगठ्यांनी रेटली. बटण दाबलं. चर्र झालं, धूर निघाला.

पोरं जमली. "काहून जळालं रे?"

घोषणांना सरावलेलं माझं तोंड — ते बोलून गेलं, "कुंकू गेलं आत."

मावशी दारातच उभी. "व्हय का रे लेकरा? म्या तं वरूनच लावलं व्हतं..." मग त्या मेलेल्या डब्यापुढे हात जोडून म्हणाली, "माझ्यामुळं गेलं बिचारं."

एवढ्यावर थांबलो का? छे! बाहेरून टाइप करून आणून पत्रक काढलं — 'पूजेने यंत्र बिघडते'. खाली ठळक अक्षरांत, 'पुराव्याशिवाय विश्वास ठेवू नका'. औंढ्यात मीच वाटलं.

पुढे दुसरा कॉम्प्युटर आला. दर दसऱ्याला मावशी ताट घेऊन येते. विळा, मशीन, माझी सायकलसुद्धा पुजते. कॉम्प्युटरपाशी आली की बोटं पदराला पुसते आणि मला विचारते, "दुरूनच हात जोडू ना रे?"

मी मान डोलावतो. यंदाही डोलावली.

हे त्याच खोलीत टाइप करून राहिलोय. पलीकडे तिचं मशीन चालू आहे.

कुंकू आत गेलं नव्हतं, मावशी. मेमरी मी जाळली.