अर्धा दिवस पुष्कळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही असं मी छातीठोकपणे सांगत असते, आणि लोकांना ते खरं वाटतं. तुम्हालाच का सांगते आहे? ते विचारू नका. ऐका फक्त.

आधी मी कोण ते कळू दे, म्हणजे पुढचं नीट कळेल. इथे अमेरिकेत, फ्रिस्कोतल्या आमच्या मराठी घोळक्यात कुणालाही कुठे जायचं असलं की फोन मला येतो. "वैदेही, कोस्टा रिकाला किती दिवस ठेवू?" "आईबाबांना नायगारा दाखवायचाय, एक रात्र पुरेल का गं?" मी उत्तर देते आणि ते चुकत नाही. उगाच विनय कशाला? कुठे सकाळीच पोचायचं, कुठलं ठिकाण नुसतं फोटोत बरं, हे मला कळतं. ऑफिसात मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे आणि घरीही तेच. प्रवास मी ठरवते, बाकीचे बॅगा भरतात.

मग एवढ्या हुशार बाईला खोटं बोलायची गरज का पडावी?

सासूबाई आमच्याकडे सहा महिने राहायला आल्या होत्या. मूळच्या साताऱ्याच्या. कॉलेजात असताना मैत्रिणींना घेऊन अजिंक्यतारा, सज्जनगड, वासोटा सगळं पालथं घातलेल्या. लग्नानंतर ते बंद पडलं. का पडलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आमच्याकडे असताना त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. पोळ्या मला करू दे, एवढाच हट्ट. परत जाताना त्यांना सोडायला आम्ही सगळेच निघालो, वाटेत जपान बघायचं ठरलं. टोकियो, मग क्योतो, आणि मधे मात्सुमोतो. तिथे काळाभोर लाकडी किल्ला आहे, भोवती पाण्याचा खंदक, मागे बर्फाचे डोंगर, आणि किल्ल्याच्या आधाराने वसलेलं जुनं गाव. त्या गावाला मी अर्धा दिवस दिला होता. सामान स्टेशनवर ठेवायचं, किल्ला बघायचा, जेवायचं आणि पुढची गाडी पकडायची.

सासूबाईंनी तो किल्ला यूट्यूबवर पाहिला होता— एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एक दिवस जेवताना जरा चाचरतच म्हणाल्या, "वैदेही, तिथे दोन रात्री राहता येईल का गं? मुक्काम केल्याशिवाय गड कळत नाही बघ. सकाळचा वेगळा असतो, संध्याकाळचा वेगळा."

"राहू या ना यार," मंदार म्हणाला. मंदार म्हणजे माझा नवरा. "आईने पहिल्यांदा काहीतरी मागितलंय. क्योतोतली एक रात्र कॅन्सल कर."

आता तुम्हाला वाटेल, सुट्टी पुरत नसेल. पुरत होती. हॉटेलही मिळत होतं, खंदकाला लागूनच. आमच्या सईवर ढकलता आलं असतं, पण ती तर फोनमधून डोकं न काढता "आय डोंट केअर, मॉम" एवढंच म्हणाली होती. मग काय होतं? मंदारचं ते वाक्य होतं. लग्नानंतर माझ्या आखणीत त्याने कधी हात घातला नव्हता— आणि आज आईसाठी घातला. बस, एवढंच. इतकं क्षुल्लक. मी म्हटलं, "ऑफिसातल्या युमीला विचारते. तिचं आजोळ तिथलंच आहे."

आणि मी विचारलं, बरं का. लंचला विचारलं. युमीने खाता खाता हातातल्या काड्या खाली ठेवल्या. दोन रात्री तरी हव्यातच, म्हणाली. सकाळी दार उघडायच्या आधी खंदकाभोवती चालायचं, तेव्हा अख्खा किल्ला पाण्यात दिसतो. मग दार उघडल्या उघडल्या आत शिरायचं, दुपारी रांग फार मोठी असते. लहानपणी आजोबा तिला तिथे फिरायला न्यायचे. सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की मला तिचं बोलणं तोडवेना.

संध्याकाळी मी घरी आले, पर्स ठेवली आणि सासूबाईंना म्हणाले, "युमी म्हणाली, अर्धा दिवस पुष्कळ. बघण्यासारखं फारसं काही नाहीच तिथे."

झालं. हेच ते. आवाजसुद्धा हलला नाही माझा. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची तर खांदा तरी भक्कम निवडावा— आणि तिथलंच माणूस सांगतंय म्हटल्यावर वाद कोण घालणार? "मग ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळणार." मंदार मुकाट्याने भांडी डिशवॉशरमध्ये लावायला लागला. मी जिंकले होते. वाईट वाटलं का? नाही. मला त्या रात्री छान झोप लागली.

एवढ्यावर थांबले असते तरी निभलं असतं कदाचित. घराघरात चालतं असलं खोटं. पण मी थांबले नाही.

मात्सुमोतोला आम्ही दुपारी पोचलो. रांग होतीच, युमीने सांगितली होती तशीच. मंदार आणि सई कंटाळून आइस्क्रीम शोधायला गेले. मी आणि सासूबाई रांगेत पावलापावलाने सरकत, बऱ्याच वेळाने दाराशी आलो. आत जाताना बूट काढून पिशवीत घालून हातात घ्यायचे असतात. त्यांनी साडीवर घातलेले स्पोर्ट्स शूज काढले, पिशवीत घातले. आतला लाकडी जिना दारातूनच दिसत होता, शिडीसारखा उभा. तरणीताठी माणसं कठडा धरून चढत होती. सासूबाई त्या जिन्याकडे बघून हसल्या. फार दिवसांनी ओळखीचं कुणी भेटावं तशा हसल्या, आणि त्यांनी पदर कमरेला खोचला.

मी घड्याळाकडे बघून म्हटलं, "आई, आता वर गेलो तर आपली गाडी चुकेल."

गाड्या तासातासाला होत्या. मला हे माहीत होतं— वेळापत्रक मीच काढलं होतं ना. पुढच्या गाडीने गेलो असतो तर रात्रीचं जेवण उशिरा झालं असतं, दुसरं काय? पण मग अर्धा दिवस पुरला नाही असं ठरलं असतं. ते मला चालणार नव्हतं. कळतंय का मी काय म्हणते आहे ते?

त्या बाजूला झाल्या, बाकावर बसून त्यांनी पुन्हा बूट घातले, नाड्या बांधल्या. "बाहेरूनच छान दिसतो की," म्हणाल्या. मंदारलाही त्यांनी तेच सांगितलं.

साताऱ्याला पोचल्यावर तर त्या माझंच कौतुक करत सुटल्या. भिशीत, शेजारीपाजारी, सगळ्यांना— आमच्या सुनेने जपानी बाईला विचारून सगळं ठरवलं, अर्धा दिवस पुष्कळ होतो हो. मंदार मला हे कौतुकाने सांगायचा. मी हसायची.

गेल्या दिवाळीत त्या पुन्हा आमच्याकडे होत्या. मंदारने युमीला फराळाला बोलावलं, मला न विचारताच. सासूबाईंनी तिच्यासाठी वेगळा डबा भरला, निवडून निवडून चकल्या आणि करंज्या. "तिने मला सल्ला दिला होता, रिकाम्या हाताने कशी पाठवू?" युमी आली, वाकून नमस्कार केला आणि थेट त्यांनाच विचारलं, "सो, टू नाइट्स वॉज गुड? डिड यू सी इट इन द मॉर्निंग? लाइक आय सेड?"

सासूबाईंचं इंग्रजी बेताचं. पण 'टू नाइट्स' कळायला किती इंग्रजी लागतं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाशी काहीतरी तयार होतं— नेहमीच असतं— पण त्या माझ्या आधी बोलल्या.

"हाफ डे," त्या युमीला म्हणाल्या. "इनफ. व्हेरी नाइस."

आणि त्यांनी डबा तिच्या हातात दिला. युमी गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मी चहा टाकायला आत गेले.

पाहुणे गेल्यावर त्या काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. ओरडल्या असत्या तर मी भांडले असते, आणि भांडणात मी हरत नाही. त्या ओरडल्या नाहीत. मंदारला काही बोलल्या नाहीत. मीही खरं सांगितलं नाही, आजपर्यंत नाही.

त्या अजून आमच्याकडेच आहेत. परवा आमचं सँटा फेला जायचं ठरत होतं. मी त्यांना विचारलं, "आई, किती दिवस राहू या तिथे?" असं मी त्यांना कधीच विचारलं नव्हतं. त्या मेथी निवडत होत्या.

"तू सांगशील तेवढे," म्हणाल्या.

टोमणा असेल म्हणून मी कान देऊन ऐकलं. टोमणा नव्हता. त्यांनी मागणं सोडलंय, आणि ते मी सोडायला लावलंय.